कोकणही गरीब होतं, मग तिथे नक्षलवाद का रुजला नाही?

गरिबीतूनच नक्षलवाद येतो, तर कोकण त्यातून सुटलं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी कणकवलीकडचा. आमच्याकडची गरिबी मी ऐकलेली नाही, खाल्लेली आहे. पेज, कुळथाची पिठी आणि भर पावसात भाजलेल्या आठळ्या.

आजोबा लालबागला गिरणीत. दहा तारीख उलटली की आजी रोज विचारायची, "पोस्टमन इलो काय रे?" मनिऑर्डरवर ती अंगठा उठवायची आणि पैसे वाण्याच्या दुकानापर्यंतच टिकायचे. जुनी उधारी फिटली की नवी सुरू. पण पुढच्या महिन्याचा भरवसा असायचा. गावात चिडलेलं पोर जंगलात कशाला जाईल? ते मुंबईला जाऊन गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचं.

अन्याय कमी नव्हता हो. सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोतांनी कुळांना पिळून काढलं होतं. अलिबागजवळच्या चरी गावात शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. सहा वर्षं! आंबेडकरांनी 1937 ला कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं, जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. खोती रद्द करणारा कायदा आला तो 1949 ला. उशीर झालाच, पण भांडायला जागा होती.

मुंबई जवळ होती म्हणून निभावलं, एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. उत्तर कोकणातलं डहाणू-तलासरी बघा. जंगल, आदिवासी, सावकार, वर लाल बावटा, म्हणजे सगळा मसाला गडचिरोलीचाच. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली 'लग्नगडी' म्हणून जन्मभर राबायचा. 1945 ला शामराव आणि गोदावरी परुळेकर या कम्युनिस्ट पती-पत्नींच्या किसान सभेने वेठ मोडायला त्यांना उभं केलं. गोळीबारात माणसं गेली. तरी मागणी राहिली मजुरीच्या दराची, आणि तोच लाल बावटा पुढे निवडणुकीत उतरला. 2024 लाही डहाणूत मार्क्सवादी पक्षाचाच आमदार निवडून आला.

गडचिरोलीत 1980 च्या सुमारास आंध्रातून दलमं, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकड्या आल्या, तेव्हा तिथल्या माडिया आदिवासीला सरकार म्हणजे दंड मागणारा वनरक्षक, एवढंच ठाऊक. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाच्या पुडक्याचा दर दलमने ठेकेदाराकडून वाढवून घेतला, म्हणून लोकांनी ऐकलं. नंतर त्याच ठेकेदारांच्या खंडणीवर बंदुका चालल्या आणि पोलिसांचे खबरे ठरवून आदिवासीच मारले गेले. लपायला शेजारचं अबुझमाडचं दाट जंगल होतंच, शिवाय सीमा ओलांडली की पोलीस दुसऱ्या राज्याचे.

आणि आमच्याकडे हत्यार कुणी उचललंच नाही, असंही समजू नका. 1982 च्या गिरणी संपानंतर मनिऑर्डर बंद झाली. आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले, काकांनी आंब्याच्या बागेत राखण धरली. आजोबांच्याच मुंबईच्या खोलीतली दोन पोरं मात्र तिथेच राहिली आणि गुंडांच्या टोळीत गेली.