वाचक विचारतात : आंदालुसियाच्या डोंगरगावांतून सायकलवर

दक्षिण स्पेनमधील ग्रासालेमाचा डोंगराळ प्रदेश आणि त्याच्या अवतीभवतीची पांढरी गावे यांवर गेल्या अंकात लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचा चौघांचा गट सपाटीवर दिवसाला शंभर किलोमीटर सहज करतो. रोंदा, ग्रासालेमा, साआरा, ओल्वेरा, सेतेनिल आणि परत रोंदा ही फेरी नकाशावर शंभरापेक्षा थोडीच जास्त दिसते. ती एका दिवसात व्हावी का?

उत्तर : होईल, पण करू नये असे आमचे मत आहे. रोंदा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे आणि ग्रासालेमा आठशेच्या आसपास. तिथून रस्ता पालोमास खिंडीत अकराशे मीटरांच्या वर जातो आणि मग साआराच्या जलाशयाकडे असा उतरत जातो, की सकाळपासून घाम गाळून कमावलेली सगळी उंची तर जातेच, शिवाय आपण रोंद्याच्याही बरेच खाली येऊन पोहोचतो. ओल्वेराकडे वळल्यावर ती उंची पुन्हा पायांनीच भरून काढावी लागते. म्हणजे एकच मोठा चढ नाही, तर चढ-उतारांची मालिका आहे, आणि थकवा येतो तो या पुनरावृत्तीने.

पहिला मुक्काम ग्रासालेमात, दुसरा ओल्वेरात आणि तिसऱ्या दिवशी सेतेनिलमार्गे रोंद्यास परत, अशी आखणी केल्यास दुपारचे ऊन टळते आणि गावांत पायी फिरायलाही वेळ राहतो. दिशेचा विचार मात्र आधीच करावा. ग्रासालेमाकडून पालोमास खिंड थोड्याच किलोमीटरांत गाठता येते. साआराकडून तोच चढ बारा-तेरा किलोमीटरांचा आहे आणि त्यात दम खायला जागा फारच थोडी. चढाचीच हौस असेल तर फेरी उलटी करावी. एरवी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जावे आणि खिंडीवरून उतरताना नजर जलाशयावर नव्हे, तर पुढच्या वळणावर ठेवावी. पाणी इतके निळे दिसते की हा सल्ला पाळणे कठीण जाते. त्यापेक्षा सरळ थांबून पाहावे.

प्रश्न : इथली सगळी गावे टेकडीच्या माथ्यावरच का? प्रत्येक दिवसाच्या शेवटी जीवघेणा चढ येतो, अशी तक्रार तिथे जाऊन आलेल्या एका मित्राने केली.

उत्तर : मित्राची तक्रार रास्त आहे, आणि तिचे कारण काही शतके मागे जाते. तेराव्या शतकाच्या मध्यापासून १४९२ पर्यंत कास्तील हे ख्रिस्ती राज्य आणि ग्रानादाचे मुस्लिम राज्य यांची सरहद्द याच डोंगरांतून सरकत राहिली. ओल्वेरा १३२७ मध्ये कास्तीलकडे गेले, तर साआरा १४०७ मध्ये. डिसेंबर १४८१ मध्ये ग्रानादाचा सुलतान अबुल हसन अली याने अचानक छापा घालून साआरा परत जिंकले आणि दहा वर्षे चाललेल्या अखेरच्या युद्धाची ठिणगी तिथे पडली. १४८३ मध्ये रोद्रिगो पोन्से दे लेओन या सरदाराने साआरा पुन्हा घेतले. पाठोपाठ १४८४ मध्ये सेतेनिल आणि १४८५ मध्ये रोंदा पडले. जानेवारी १४९२ मध्ये खुद्द ग्रानादाने शरणागती पत्करली. अशा मुलखात वस्ती कड्यावर, बुरुजाच्या आश्रयाने आणि शत्रूला धाप लागेल अशा वाटेच्या टोकाला वसवणे हाच शहाणपणा होता. आज ती धाप सायकलस्वाराला लागते, इतकेच.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की दिवसाचे अंतर मोजताना शेवटचा किलोमीटर स्वतंत्र धरावा आणि त्यासाठी पायांत जोर राखून ठेवावा. साआरात शिरताना हे चांगलेच कळते. गावाच्या वरच्या भागातील दगडी फरसबंदी वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेली आहे. तिथे उभे राहून पेडल मारू लागलो तर मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरते. म्हणून सर्वांत हलका गिअर टाकून बैठकीवरच बसून जावे, आणि तेही साधत नसेल तर निःसंकोच उतरून सायकल हाती धरावी.

सेतेनिल हा यातला अपवाद आहे. ते गाव माथ्यावर नसून नदीने कोरलेल्या घळीत वसले आहे, आणि तिथल्या काही गल्ल्यांत घरांवर छपराऐवजी अखंड कातळच पुढे आलेला दिसतो. तिथे पोहोचणे सोपे असले, तरी निघताना थंड पायांनी लगेच चढायला लागते.

प्रश्न : वाहतुकीचे कोणते नियम ठाऊक असणे आवश्यक आहे?

उत्तर : वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे सर्वांना माहीत असते, पण चहापाण्याला थांबून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना डावीकडे वळण्याची सवय हमखास डोके वर काढते, म्हणून त्या क्षणी जाणीवपूर्वक सावध राहावे. गावांबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट बंधनकारक आहे. दोघांनी शेजारी-शेजारी चालवण्यास मुभा आहे, मात्र वळणावर किंवा समोरचे नीट दिसत नसताना एकामागे एक व्हावे. सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर सोडावे असा कायदा आहे. तसेच चौकातील वर्तुळात गटातील पहिली सायकल शिरली, की प्राधान्यापुरता सबंध गट एकच वाहन समजला जातो. हा नियम गटाच्या सोयीचा असला, तरी चालकाची नजर आपल्याकडे आहे याची खात्री केल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

एक गोष्ट नियमांत मोडत नाही, पण अधिक महत्त्वाची आहे. तिथे भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. ज्यांचा उजवा हात पुढच्या ब्रेकला सरावलेला आहे, त्यांनी डाव्या हाताने ‘मागचा’ समजून ब्रेक जोरात आवळला तर तीव्र उतारावर डोक्यावरून पडण्याची पाळी येऊ शकते. सायकल ताब्यात घेताच सपाट जागी दोन्ही ब्रेक तपासावेत, आणि दुकानदाराला सांगून ते बदलून घ्यावेत किंवा पहिला दिवस सोप्या रस्त्यावर काढावा.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? गिअर कसे असावेत?

उत्तर : एप्रिलअखेर ते जूनचा आरंभ, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो. उलट हिवाळ्यात अटलांटिकवरून येणारे ढग ज्या पहिल्या उंच डोंगरांना अडतात, ते हेच. त्यामुळे कोरड्या समजल्या जाणाऱ्या आंदालुसियात ग्रासालेमा हे स्पेनमधील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक ठरते आणि तिथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पिन्सापो हा दुर्मीळ सूचिपर्णी वृक्ष याच ओलाव्यावर तगून आहे. वसंत ऋतूतही पातळ पावसाळी जाकीट खिशात असू द्यावे.

गिअरबाबत भिडस्तपणा नको. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागच्या कॅसेटमधील (चकत्यांच्या संचातील) सर्वांत मोठी चकती किमान ३२ दात्यांची असावी. ३४ मिळाल्यास अधिक उत्तम. टायर २८ मिलिमीटरचे घ्यावेत.

प्रश्न : व्हुएल्ता या स्पेनमधील सायकल शर्यतीत पाहिलेला आंगलिरूचा चढही याच सहलीत जोडता येईल का?

उत्तर : नाही. आंगलिरू उत्तरेकडे, आस्तुरियास प्रांतात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९९९ पासून शर्यतीत असलेला हा चढ साडेबारा किलोमीटरांचा आहे आणि त्यात एके ठिकाणी चढाचे प्रमाण २३ टक्क्यांच्या वर जाते. त्यासाठी वेगळी सहल आणि वेगळी तयारी हवी.

प्रश्न : आमच्यासोबत चढ न झेपणारे ज्येष्ठ सदस्य आहेत. त्यांना काही करता येईल?

उत्तर : अवश्य. ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो हा ३६ किलोमीटरांचा मार्ग खास त्यांच्यासाठीच सुचवावासा वाटतो. विसाव्या शतकात इथे रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले, बोगदे खोदले गेले, पूल उभे राहिले, पण गाडी कधी धावलीच नाही. त्याच मार्गावर आज मोटारींना बंदी आहे आणि आगगाडीसाठी आखलेला असल्यामुळे चढ सौम्य आहे. वाटेत ३० बोगदे लागतात, तेव्हा दिवा जवळ हवाच. साफ्रामागोनच्या सुळक्याजवळ गिधाडांची मोठी वसाहत असून ती डोक्यावर घिरट्या घालताना सहज दिसतात. पृष्ठभाग बराचसा दाबलेल्या मुरुमासारखा असल्याने तिथे अरुंद टायरची रोड बाइक नेऊ नये. रुंद टायरची सायकल भाड्याने घ्यावी.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का? पाण्याचे काय?

उत्तर : हाल होतात ते बहुधा वेळ चुकल्यामुळे. गावांत जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मिळते आणि नंतर स्वयंपाकघर रात्री आठ-नऊपर्यंत बंद असते. दुकानेही दुपारी काही तास बंद राहतात, आणि रविवारी तर बहुतेक दिवसभर. म्हणून सकाळीच भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल असा भरपेट नाश्ता करून घ्यावा. बटाटा आणि अंड्याचे जाड ऑम्लेट जवळजवळ सर्वत्र मिळते. भाज्यांच्या सँडविचमध्ये ट्यूना मासा आणि मसूर-हरभऱ्याच्या आमटीत डुकराच्या मांसाचे तुकडे सर्रास असतात, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासे आणि हॅम नको, हेही स्पष्टपणे सांगावे. दुपारच्या जेवणासोबत वाइन येत असली, तरी मद्याची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारांनाही लागू आहे.

पाण्यासाठी गावाच्या चौकात बहुधा कारंजे असते. ते पिण्यायोग्य नसल्याची पाटी आहे का, हे पाहून मगच बाटली भरावी. दोन गावांमधील अंतर किलोमीटरांत कमी वाटले तरी चढावर ते तास-दीड तासाचे होते, म्हणून दोन बाटल्या हव्यातच.

प्रश्न : ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गेलो तर मिरवणुका पाहता येतील. तो काळ कसा?

उत्तर : मिरवणुकांसाठी उत्तम, सायकलसाठी अडचणीचा. गावांतील मुख्य रस्ते संध्याकाळी बंद होतात, आणि मेणबत्त्यांचे ओघळलेले मेण पुढेही काही दिवस फरशीवर व डांबरावर राहून चाके घसरवते, म्हणून त्या दिवसांत गावात सायकल हातानेच न्यावी. खोल्या बऱ्याच आधी भरतात. तेव्हा मुक्कामाची निश्चिती झाल्याशिवाय विमानाची तिकिटे काढू नयेत.