कोलकात्याची पहिली भुयारी मेट्रो पूर्ण व्हायला इतकी वर्षे का लागली?

कोलकात्याच्या पहिल्या 16.45 किलोमीटरच्या मेट्रोला दोन दशकांहून अधिक काळ लागला, मुंबईची 33.5 किलोमीटरची भुयारी मार्गिका मात्र साधारण 9 वर्षांत झाली. यात कोलकात्याचा ढिसाळपणा किती, आणि पणजीला असा मार्ग कधी मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी गोव्यातल्या पेडण्याचा आहे. आमच्या तालुक्यातल्या दीड किलोमीटरच्या बोगद्याने अवघी कोकण रेल्वे कशी अडवून धरली होती, ते मी पाहिले आहे. त्यामुळे कोलकात्याला ढिसाळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

डिसेंबर 1972 मध्ये इंदिरा गांधी यांनी पायाभरणी केली, 24 ऑक्टोबर 1984 रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या 3.4 किलोमीटरवर पहिली गाडी धावली आणि दमदम ते टॉलीगंज हा पूर्ण मार्ग 1995 मध्ये जोडला गेला. निधी अपुरा पडत होता, न्यायालयांचे मनाई आदेश येत होते, सिमेंट-पोलादाचा पुरवठा अनियमित होता. हे सारे खरे आहे. पण मूळ अडचण जमिनीची होती. शहर गंगेच्या त्रिभुज प्रदेशातल्या मऊ चिकणमातीवर वसलेले आहे आणि थोडे खणले की पाणी लागते. म्हणून बहुतेक मार्ग वरून रस्ता उकरूनच बांधावा लागला: दोन्ही बाजूंना अरुंद चर खणायचे, ते ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या दाट द्रावणाने भरून ठेवायचे, त्यात काँक्रीटच्या भिंती ओतायच्या, भिंतींना आडवे पोलादी आधार देत मधली माती काढायची, तळ व छत घालायचे आणि मग वरचा रस्ता पूर्ववत करायचा. त्याआधी जुन्या जलवाहिन्या, गटारे, केबली हलवायच्या, आणि हे सगळे वाहत्या रस्त्यांच्या मधोमध. वर रेल्वेचे यार्ड आणि कालवा असल्यामुळे बेलगाछिया ते श्यामबाजार या तुकड्यात तेही शक्य नव्हते. तिथे पाणी आणि माती आत येऊ नये म्हणून दाबाची हवा भरून, पुढे सरकणाऱ्या पोलादी ढालीच्या आड बोगदा खणला गेला. देशात असे काम आधी कोणीच केलेले नव्हते, त्यामुळे हे सारे शिकत शिकतच करावे लागले.

मुंबईच्या वाट्याला बहुतांशी बेसाल्ट आणि ब्रेक्सियाचा (तुकडे घट्ट जुळून बनलेला) खडक आला, आणि बोगदे खणणारी 17 यंत्रे. यंत्र पुढे सरकते तसे मागे काँक्रीटचे कडे बसत जाते, त्यामुळे स्थानकांच्या जागा सोडल्या तर रस्ता उकरावा लागत नाही. तरी यंत्र आले म्हणजे माती वश झाली असे नाही. कोलकात्याच्याच पूर्व-पश्चिम मार्गावर यंत्रांनी हुगळीच्या तळाखालचा 520 मीटरचा टप्पा पार केला, पण ऑगस्ट 2019 मध्ये बहूबाजारात भूगर्भातला पाण्याचा साठा फुटला, जमीन खचली आणि शेकडो लोकांना घरे सोडावी लागली.

पेडण्यातही तेच घडले. वर जांभा दिसतो म्हणून जमीन टणक वाटते, पण बोगद्याला आत मऊ माती लागली. ती पाण्याने ओथंबून वारंवार ढासळली, कामगारांचे बळी गेले आणि संपूर्ण मार्ग जानेवारी 1998 पर्यंत लांबला. ते काम ज्या अभियंता ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली झाले, त्यांनीच 1970 च्या सुमारास कोलकाता मेट्रोच्या नियोजनात भाग घेतला होता आणि पुढे दिल्ली मेट्रो उभी केली. म्हणजे माणसे तीच असूनही मातीने आपला वेळ घेतलाच. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या याच बोगद्यात पाणी शिरले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या.

पणजीबद्दल माझे मत नाही असे आहे. शहराचा बराच भाग मांडवीकाठच्या सखल आणि भरावाच्या जमिनीवर आहे, आणि 2011 च्या जनगणनेनुसार सबंध गोव्याची लोकसंख्याच 15 लाखांहून कमी होती. एवढ्या थोड्या प्रवाशांसाठी पाण्याने भरलेल्या मातीत बोगदा खणण्यापेक्षा म्हापसा, पणजी, मडगाव आणि वास्को यांच्यात रात्री उशिरापर्यंत नेमाने धावणाऱ्या बसगाड्या वाढवाव्यात, हे आपल्याला परवडेलही आणि लवकर होईलही.