पाटल्या कपाटातच राहू द्या, सायकल मात्र घ्या

प्रश्न, थोडक्यात: मी वारज्याला राहते, सहकारी बँकेत नोकरीला आहे. मिस्टर चाकणला एका कंपनीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,४२,००० रुपये. घराचा हप्ता ३८,५००, अजून ११ वर्षं. घरखर्च ५२,०००, दोन्ही मुलांच्या शाळा-क्लासचे १४,०००, एसआयपी १५,०००, विम्याचे हप्ते ५,०००. एफडी अडीच लाखांची, दिवाळीचा बोनस १,१०,००० अजून खात्यात आहे. मिस्टरांचा टर्म विमा ५० लाखांचा. थोरला १५ वर्षांचा, दहावीत. तीन वर्षं डाउनहिल माउंटन बाइकिंग करतोय आणि खरंच चांगलं करतोय. आता त्याला पक्की डाउनहिल सायकल हवी आहे, ४,८०,००० ची. शिवाय दहावी झाली की मे महिन्यात कोचबरोबर परदेशातल्या बाइक पार्कमध्ये तीन आठवडे, त्याचे २,९०,०००. मिस्टर म्हणतात, चार लाख सोनं तारण ठेवून काढू, बाकीचे ‘मुलांचं शिक्षण’ या फंडातून घेऊ. त्यात ९,४०,००० आहेत. सासूबाईंनी स्वतःहून पाटल्या पुढे केल्यात. मला रात्री झोप लागत नाही. वर्षभराच्या खर्चाच्या वहीचं पान सोबत पाठवते आहे.

ताई,

तुमच्या वहीचं पान आधी बघितलं, पत्र नंतर वाचलं. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड ३१,०००. टेम्पो ४२,०००. कोच ३६,०००. स्पर्धांची एंट्री आणि प्रवास ४७,०००. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, इतर ८,०००. एकूण १,६४,०००.

या पानावर मला सगळ्यात बोलका वाटला तो टेम्पो. हा खेळ न बघितलेल्यांना कळणार नाही म्हणून सांगते. डाउनहिल म्हणजे नुसतं उतरायचं. जागतिक स्पर्धेतली शर्यतसुद्धा दोन ते पाच मिनिटांत संपते. पण उतरायचं तर आधी वर पोचायला हवं, आणि त्या जड सायकली चढावर पायडल मारत नेण्यासाठी बनलेल्या नसतात. कॅनडात व्हिसलरला सायकलसकट माणसाला वर नेणारी लिफ्ट आहे. तुमच्या मिस्टरांनी ज्याचा व्हिडिओ मला पाठवायला सांगितला, तो २०२५ चा विश्वविजेता जॅक्सन गोल्डस्टोन तिथून तासाभरावरच्या स्क्वामिश गावचा. आपल्याकडे चार पोरांनी वर्गणी काढून पिकअप ठरवायची. तुमच्या हिशेबाने एका रविवारचा वाटा हजार रुपये, उतार सहा, प्रत्येकी तीन मिनिटं. म्हणजे हजार रुपयांत अठरा मिनिटं सायकल चालवून झाली, मिनिटाला पंचावन्न-छप्पन्न रुपये. चेष्टा करत नाही. हा खेळ आपल्याकडे महाग का पडतो ते या एका आकड्यात आहे, आणि ४,८०,००० ची सायकल आणून हा आकडा एका रुपयानेही खाली येत नाही.

आता ‘इतर’. ऑगस्टमध्ये मनगटाला मार लागला होता असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. एक्स-रे, प्लास्टर, नंतरची फिजिओथेरपी, मिस्टरांनी घेतलेली सुट्टी, दर स्पर्धेला सगळ्यांनी बाहेर जेवणं, टोल, पेट्रोल, हे सगळं आठ हजारांत बसलं? माझा विश्वास नाही. पोहणाऱ्या मुलीच्या वडिलांनी मला एकदा अशीच वही दाखवली होती, त्यातही शेवटची ओळ ‘इतर’च होती. ती फोडली तेव्हा क्लबच्या फीपेक्षा मोठी निघाली.

तर मुद्द्याकडे येते. मिस्टरांच्या म्हणण्यात एक शब्द तीनदा आलाय: गुंतवणूक. माझं भांडण त्या शब्दाशी आहे, सायकलशी नाही. गुंतवणूक म्हटलं की कर्ज काढायला जीव धजावतो, कारण पुढे परतावा दिसतो. इथे परतावा कुठून येईल, ते बघू. माउंटन बाइकिंगमधला क्रॉस कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या लांब शर्यतीचा प्रकार १९९६ च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये आहे. डाउनहिल कधीच नव्हता. आशियाई स्पर्धांत २०१८ ला जकार्ताच्या वेळी डाउनहिल होता, दोन्ही सुवर्णपदकं यजमान इंडोनेशियाने नेली. पुढच्या हांगझोला तो नव्हता, फक्त क्रॉस कंट्री. सरकारी पैसा, शिष्यवृत्त्या, प्रायोजक साधारणपणे पदकांच्या मागे जातात. त्यामुळे एकाच डोंगरावर, एकाच कोचकडे शिकणाऱ्या दोन मुलांपैकी क्रॉस कंट्रीवाल्यासमोर निदान एक पायवाट तरी असते. डाउनहिलवाल्याला ती स्वतः पाडावी लागते.

खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे हे मिस्टरांचं म्हणणं बरोबर. पण प्रमाणपत्र कुठल्या खेळाचं, कुठल्या प्रकारातलं, कुठल्या स्पर्धेचं, यावर सगळं ठरतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन हाच एक प्रश्न विचारा: डाउनहिलचं प्रमाणपत्र चालतं का, आणि कुठल्या पातळीचं? तोंडी ‘हो हो, चालेल’ यावर चार लाखांचं तारण ठेवू नये.

म्हणून मी हा खर्च मानते. खर्च म्हणण्यात काही कमीपणा नाही. माणसं लग्नात एका संध्याकाळी याच्या दुप्पट उडवतात. पंधरा वर्षांचा पोरगा रविवारी पहाटे पाचला आपणहून उठतो, मोबाईल बाजूला ठेवतो, पडतो, उठतो, पुन्हा वर जातो, यासाठी पैसे घालायला मी तरी कचरणार नाही. (सकाळी टेकडीवर फिरायला जाते तेव्हा मागून ‘काकू, साइड!’ अशी आरोळी येते. दचकायला होतं, पण वळून बघितल्याशिवाय राहवत नाही.) फक्त खर्च महिन्याच्या पगारातून आणि साठवलेल्यातून करायचा असतो. तारणातून नाही.

तारणाचं गणित तुम्हाला माझ्याआधी दिसलं असणार, तुम्ही स्वतः बँकेत आहात. झोप उडाली ती त्यामुळेच. सगळा खर्च आणि सध्याचा सायकलखर्च वजा जाता तुमच्याकडे महिन्याला साधारण ३,८०० रुपये उरतात, वर्षाचे ४५,६००. चार लाखांच्या सोनेतारणावर साडेनऊ टक्के धरले तरी व्याजच ३८,०००. आणि हे कर्ज बहुतेक वर्षाच्या मुदतीचं, शेवटी मुद्दल-व्याज एकदम. वर्ष संपेल तेव्हा व्याज कसंबसं निघेल आणि चार लाख होते तिथेच उभे असतील. मग नूतनीकरण, मग पुन्हा नूतनीकरण. सासूबाईंचा जीव मोठा आहे, पण त्यांच्या औषधपाण्याला उद्या पैसे लागले तर त्यांच्याकडे दाखवायला त्याच पाटल्या आहेत.

फंडाबद्दल एक बारीक गोष्ट. नाव तुम्ही ‘मुलांचं शिक्षण’ असं लिहिलंय, अनेकवचनी. सबंध पत्रात धाकटीचा उल्लेख शाळेच्या फीपुरता एकदा आलाय. ३,७०,००० थोरल्याच्या सायकलपायी काढले तर त्यातले तिचे किती, हा प्रश्न ती आज विचारणार नाही. कॉलेजात गेल्यावर विचारेल. थोरल्याचा पदवी प्रवेश तीन वर्षांवर आलाय. फंड हलवला नाही, एसआयपी चालू ठेवली आणि सात टक्के धरले तर तेव्हा साडेसतरा लाखांच्या आसपास जमतील. आज काढलेत तर जेमतेम तेरा. खासगी कॉलेजची चार वर्षं आणि वसतिगृह धरलं तर हे साडेचार लाख फार मोठे आहेत. जाता जाता: तीन वर्षांवर आलेले पैसे सगळेच शेअर बाजारात ठेवू नका, थोरल्याच्या वाट्याचे टप्प्याटप्प्याने सुरक्षित जागी आणा.

आता सायकल. ती घ्या, पण ही नाही, आणि इतक्यात नाही. दाराच्या चौकटीवर त्याची उंची पेन्सिलने मांडता, आणि गेल्या वर्षात नऊ सेंटीमीटरने वाढला, असं तुम्ही लिहिलंय. आज एम साइझची फ्रेम घेतली तर दीड वर्षात त्याचे गुडघे हँडलला लागतील. दुसरं, जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमांत डाउनहिलचा ज्युनिअर गट १७ आणि १८ वर्षांचा आहे. त्याआधी जागतिक क्रमवारीचं काहीही हुकत नाही. मग घाई कुणाला आहे? दुकानदाराला असेल.

माझी सूचना अशी: २०० मिलिमीटर ट्रॅव्हलची (धक्का झेलताना चाक जितकं वर-खाली होतं ते अंतर) निव्वळ डाउनहिल सायकल नको. १६०-१७० ची एंड्युरो सायकल बघा, अॅल्युमिनियम फ्रेमची, सेकंडहँड. तिच्यावर चढही चढता येतो. दर दुसऱ्या रविवारी टेम्पो टाळला तरी वर्षाला २१,००० वाचले, पायांची ताकद वाढली आणि पुढेमागे क्रॉस कंट्रीचं दार किलकिलं राहिलं. बजेट १,९०,०००. त्यात बोनसचे १,१०,०००, जुनी सायकल विकून ३०,०००, आणि सासूबाईंना द्यायचंच असेल तर रोख ५०,०००, पाटल्या न काढता. एफडीला हात लावायचा नाही. ती तुमच्या दोन महिन्यांच्या खर्चाएवढीच आहे, म्हणजे आधीच तोकडी.

सेकंडहँड घेताना मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळवा. शॉक (मागचे धक्के झेलणारा भाग) जिथे बोल्टने बसतो तिथे आणि खाली क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) भोवती रंगाखाली केसासारखी चीर आहे का, ते मोबाईलच्या टॉर्चने बघा. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या, चकचकीत नळीवरून नख फिरवा. नख अडकलं तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. कोचला सोबत न्याच, पण विकणारा कोचचाच ओळखीचा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी न्या. हेल्मेट मात्र नवंच घ्यायचं, फुलफेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं. आणि जोराची आपट बसली की ते बाहेरून कितीही चांगलं दिसो, बदलायचं.

अशा सायकलला सर्व्हिस जास्त लागते. बऱ्याच फोर्कना ५० तास चालवल्यावर खालचा भाग उघडून तेल-सील बघावे लागतात. म्हणून दरमहा १५,००० वेगळ्या खात्यात टाका, त्याला ‘सायकल’ नाव द्या, कार्ड मुलाच्या हातात नको पण पासबुक त्याला दाखवा. वर्षाचे १,८०,०००. ते संपले की त्या वर्षाच्या स्पर्धा संपल्या. कुठली स्पर्धा सोडायची हे त्याला ठरवू द्या. सुट्टीत एखाद्या सायकलच्या दुकानात बसून ब्रेकची हवा काढणं, गिअरचा वाकलेला हँगर सरळ करणं शिकला तर मजुरीतही बरीच बचत होईल.

परदेश दौरा यंदा नको. त्याऐवजी मे महिन्यात दोन आठवडे मनालीकडे जाऊ दे, याच खात्यातून. सायकल दुकानातून मागून आणलेल्या खोक्यात भरून रेल्वेच्या लगेज व्हॅनने चंदीगडपर्यंत जाते.

यापेक्षा जास्त काळजी मला विम्याची वाटते. बहुतेक आरोग्य पॉलिसींत वगळणी क्रमांक ०९ असते: धोकादायक वा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. कळीचा शब्द ‘व्यावसायिक’. तुमचा मुलगा हौशी आहे, पण उद्या जर्सीवर दुकानाचं नाव आलं, बक्षिसाची रक्कम खात्यात आली, तर कंपनी त्याला काय म्हणेल? मिस्टरांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी मागवून हे कलम शोधा, आणि शर्यतीत पडल्यास दावा मंजूर होईल का हे ईमेलने विचारा. उत्तर लेखी हवं. व्यक्तिगत अपघात विमा घ्यायला निघालात तर त्यात ‘शर्यत’ हा शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे का, तेही बघा. स्पर्धेआधी आयोजक ज्या फॉर्मवर पालकांची सही घेतात तो न वाचता सही करू नका. रुग्णवाहिका उताराच्या पायथ्याशी असते की शहरातून येते, एवढं तरी विचारा.

आणि मिस्टरांना सांगा, त्यांचा टर्म विमा ५० लाखांचा आणि घराचं कर्ज साधारण ३३ लाख बाकी. ते फेडून मागे राहतील १७ लाख, दोन मुलं आणि आई. सायकलखात्यात १५,००० गेल्यावर उरलेले २,५०० रुपये टर्म विमा वाढवण्यात जाऊ देत. २०२५ च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

‘इतर’ची ओळ फोडून वहीचं नवं पान मला पाठवा. सायकल बघायला दहावीची परीक्षा संपल्यावरच बाहेर पडा, आणि निघण्याआधी त्याला दाराच्या चौकटीशी एकदा उभा करा. एम की एल, ते नव्या रेघेवरून ठरेल.