फुईचे आठ सेकंद

पत्र, थोडं कमी करून:

'मी ३१ वर्षांचा, अमळनेर तालुक्यातला. धुळ्याला इंजिनिअरिंग केलं, तिथेच होस्टेलवर गिटार शिकलो. पहिल्यांदा पूर्ण वाजवता आलेलं गाणं म्हणजे ॲनिमल्स या बँडचं "हाउस ऑफ द रायझिंग सन". तीन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडली. तेव्हापासून अहिराणीत स्वतःची गाणी करतो. गिटार, बास, ड्रम आणि आपली ढोलकी. चार गाणी झाली, त्यातलं एक चाललं. एका म्युझिक कंपनीने ते वीस हजारांना घेतलं. आता ते हळदीत, रील्समध्ये, सगळीकडे वाजतं. पण गीत-संगीताच्या जागी लिहिलंय "पारंपरिक", आणि माझं नाव फक्त गायक म्हणून. फोन केला तर म्हणतात, फॉर्ममध्ये तुम्हीच तसं भरलंय. मुखडा फुईचा, म्हणजे आत्याचा आहे, "गाडी गई सुरतले, जीव ऱ्हायना नरडाणाले". म्हणजे गाडी सुरतला गेली, जीव नरडाण्यालाच राहिला. फुवा, तिचे यजमान, सुरतला लूमवर होते तेव्हाचा. ती तो कानबाईला, आमच्याकडच्या देवीच्या सणाला, म्हणायची, म्हणून मी पारंपरिक टाकलं. सुरुवातीला आठ सेकंद तिचा आवाजही होता, पण मिक्सिंगवाला जमत नाही म्हणाला, मग काढला. बाकी तिन्ही कडवी आणि चाल माझी. दादा म्हणतात, पुरे झालं, कृषी सेवा केंद्रात बस. इतका अन्याय झाल्यावर गाणं सोडावं की कंपनीशी भांडावं?'

भाऊ,

तुझं मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. कंपनीवर दीड पान, दादांवर एक, आणि तुझ्या मनःस्थितीवर उरलेलं. फुई येते चार-पाच ओळींत आणि लगेच जाते. मी त्या ओळी चारदा वाचल्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, आणि ते तुला आवडणार नाही.

कंपनीने तुला फसवलं असं मला वाटत नाही. तिने तू दिलेला शब्द छापला. फॉर्ममधल्या त्या रकान्यासमोर तू बसला होतास तेव्हा मुखडा कोणाचा ते तुला पक्कं माहीत होतं. तिचं नाव लिहिलं असतं तर तिला फोन करावा लागला असता, तिची सही आणावी लागली असती, कदाचित पैशांचंही विचारावं लागलं असतं. 'पारंपरिक' लिहिलं की यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून तू ते लिहिलंस.

नरडाणा स्टेशन परंपरेत कुठून आलं रे? सुरत-भुसावळ लाइनवर अमळनेर सोडलं की थोड्या वेळाने नरडाणा येतं. तिथे एक बाई उभी आहे, नवरा डब्यात बसलाय, गाडी सुटते आणि हिचे पाय फलाटावरून हलत नाहीत. हे एका बाईच्या एका दिवसाचं गाणं आहे. आपल्याकडच्या किती घरांतले पुरुष असे सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या खोल्यांत राहून लूम चालवत होते, पण त्यावर ही ओळ तुझ्या फुईलाच सुचली. तिने ती कानबाईसमोर म्हटली म्हणून ती सगळ्या गावाची झाली नाही. कानबाईच्या रात्री मी लहानपणापासून बसत आलेय. नैवेद्याचे रोट झालेले असतात, जागरण चालू असतं, आणि कोणीतरी मध्येच नवं कडवं घालतं. दुसऱ्या वर्षी ते कडवं आलं की बाया एकमेकींकडे बघतात, 'हाई तिनं शे', हे तिचं आहे. कागदावर कुठेही नसतं, पण कोणतं कडवं कोणाचं हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

तू ज्या गाण्यावर गिटार शिकलास त्याचीच गोष्ट घे. ॲनिमल्सनी ते १९६४ साली रेकॉर्ड केलं. पाच जणांचा बँड, गाणं जुनं लोकगीत. रेकॉर्डवर छापलं गेलं 'पारंपरिक, मांडणी ॲलन प्राइस'. पाचही नावं मावत नव्हती म्हणून एकच घातलं, असं बँडमधले सांगत आलेत. रॉयल्टी त्या एका नावाकडे गेली. ज्याच्या गिटारवर गाणं उघडतं, जे सूर तू होस्टेलवर बोटं सोलेपर्यंत घोटले असशील, त्या गिटारवाल्याचं नाव तिथे नव्हतं. ही कडवट गोष्ट फोक-रॉकवाल्या पोरांना सहसा माहीत असते. तुलाही असेल. ती वाचताना तू स्वतःला त्या गिटारवाल्याच्या जागी ठेवलं असणार. या वेळी तुझी जागा दुसरी आहे.

आणि आपल्याकडचं बघ. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव ते वहीत उतरवून घेत. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. बहिणाबाई गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये, पुस्तक आलं १९५२ साली. त्या माणसाने वरती 'खान्देशी लोकगीतं, संकलन सोपानदेव चौधरी' असं छापलं असतं तर कोणी हरकत घेतली असती? घ्यायला आई उरलीच नव्हती. त्यांनी आईचं नाव घातलं. आज जळगावच्या विद्यापीठाला ते नाव आहे. हा प्रसंग मी तुला शाळेतल्या धड्यासारखा सांगत नाहीये. वही सोपानदेवांच्या हातात होती, तशी रेकॉर्डिंगची फाइल तुझ्या हातात होती, एवढंच मला दिसतं.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण तू विचारलंयस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गाणं कंपनीला दिलं तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही 'हे मी केलंय' म्हणण्याचा अधिकार राहतो. करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचा धरतात, तेव्हा तुझा कागद काढून नीट वाच. पण या सगळ्याला आधी कर्ता लागतो, नाव असलेला. लोकगीत कोणाचंच नसतं, म्हणून ते कोणीही घ्यावं. तू फुईला कोणीच नाही करून टाकलंस, आणि त्याच रकान्यात तुझी तीन कडवी आणि चालही गेली. उद्या तू कंपनीला लिहिशील की हे पारंपरिक नाही. ते विचारतील, कशावरून? तुझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे. तारखेसकट फोनमध्ये पडलेला फुईचा आवाज. जो तू गाण्यातून काढलास.

मिक्सिंगवाल्याला जमत नव्हतं म्हणे! त्याला जमत नव्हतं तर दुसरा बघायचास. त्या आवाजात कदाचित भांड्यांचा खडखडाट असेल, कोणी खोकलं असेल, सूर गिटारच्या पट्टीत बसत नसेल. मग गिटार तिच्या पट्टीत लावायची. लोकसंगीत घेऊन रॉक करतो म्हणणाऱ्या माणसाचं खरं काम तेवढंच आहे आणि ते अवघड आहे. तुझं गाणं मी ऐकलं. कडवी चांगली आहेत, दुसरं फारच चांगलं आहे, हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. पण लोक हळदीत जे म्हणतात तो मुखडाच आहे.

कृषी सेवा केंद्राचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सकाळी बियाणं-खतं विकून संध्याकाळी गाणं करता येतं. आपल्याकडचे वहीगायनवाले लोकगायक दिवसभर शेतात राबून रात्री फडात उभे राहतातच की. दादांशी भांडायचं कारण मला दिसत नाही. गाणं सोडायचं की नाही हे मी सांगणार नाही, कारण तो प्रश्न आज तुझा नाहीच.

येत्या रविवारी सुरतला फुईकडे जा. कानबाईला फुई गावी येईल तेव्हा बोलू, असं मनात आणू नकोस. घर भरलेलं असतं, ती रोटांच्या गडबडीत असते, आणि तू 'बरं झालं, वेळच मिळाला नाही' म्हणून परत येशील. गाडीनेच जा, नरडाण्यावरून. वीस हजारांतले दहा पाकिटात घाल. ते तिचे आहेत, आहेर म्हणून देऊ नकोस. तिच्याजवळ बस, आधी ते आठ सेकंद ऐकव, मग पूर्ण गाणं. मग सांग की फॉर्ममध्ये काय लिहिलं होतंस. हे वाक्य गिळू नकोस. ती 'जाऊ दे रे, माले काय करनं' म्हणेल. बहुतेक बाया असंच म्हणतात. तेवढ्यावर उठू नकोस. गाण्यात अजून काही होतं का, पुढची ओळ काय होती, ते विचार. माझा अंदाज आहे की तिच्याकडे पूर्ण गाणं असेल आणि तू मुखड्यावरच थांबला असशील. ती म्हणेल ते रेकॉर्ड कर.

कंपनीला पत्र परत आल्यावर लिही, दोघांच्या सहीने. तिची सही नसेल तर अंगठा. गीतकाराच्या जागी आधी ती, मग तू.

आणि तिचं नाव कसं छापायचं ते तू घरी बसून ठरवू नकोस. माहेरचं की सासरचं, हे तिला विचार. तिला हे आजवर कोणी विचारलं नसेल, तेव्हा उत्तराला वेळ लागेल. तोवर चहा घे, घाई करू नकोस.