पहिल्या पगारापर्यंत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

आधी राहायची सोय बघू की आधी नोकरी, असं तू विचारलंस. घर नाही म्हणून नोकरीचं जमत नाही आणि नोकरी नाही म्हणून कुणी खोली देत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. त्यात स्वतःला बोल लावत बसू नकोस. बेघरांसाठी काम करणाऱ्या मोठमोठ्या संस्थाही बरीच वर्षं याच क्रमावर अडलेल्या होत्या. आधी माणसाने सावरावं, व्यसन असेल तर सोडावं, शिस्तीला लागावं आणि मग घराच्या लायक ठरावं, अशी रीत होती. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ती उलटी केली. आधी घर, तेही अटी न घालता, बाकीचं मागाहून. फिनलंडने 2008 पासून हाच मार्ग सरकारी कार्यक्रम म्हणून धरला. तू आहेस तिथे असं काही असेल तर आजच नाव नोंदव. पण नंबर लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

माझं आयुष्य माणसं कामावर घेण्यात गेलं, त्यामुळे पलीकडची बाजू मला ठाऊक आहे. नोकरी देणाऱ्याला तुझ्या घराशी काही देणंघेणं नसतं. फोन केला की तू उचलावास, वेळेवर यावंस, स्वच्छ यावंस, जागा असावास आणि कागद मागितले की पुढे ठेवावेस, एवढंच त्याला हवं असतं. ज्याला घर आहे त्याला हे सगळं एकगठ्ठा मिळतं, आणि मिळतंय हे त्याच्या लक्षातही येत नाही. तुला तेच सुटं सुटं, चार ठिकाणांहून जमवायचं आहे. कटकटीचं काम आहे, पण घर जमवण्याइतकं लांबचं नाही.

सगळ्यात आधी फोन. चांगल्या चांगल्या उमेदवारांची नावं इथे गळतात. माणूस निवडणाऱ्याच्या टेबलावर यादी असते. एकाने उचलला नाही की बोट खालच्या नावावर जातं, त्यात राग-लोभ काही नसतो. म्हणून कामाच्या वेळेत, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तुझा फोन लागलाच पाहिजे. रात्री तो एअरप्लेन मोडवर टाक, बॅटरी टिकते. पॉवर बँक मिळाली तर बघ. वाचनालयात बसून अर्ज भरताना चार्जिंगला लाव, पण नजरेआड होऊ देऊ नकोस. पोटापाण्यानंतरचा पहिला खर्च रिचार्जचा. सिम मात्र तुझ्याच नावावर हवं. कुणाच्या तरी नावावरचं सिम असलं आणि फोन चोरीला गेला, तर तोच नंबर परत काढता येत नाही, आणि त्या नंबरावर येणारे ओटीपी गेले की ई-मेलसुद्धा हातचा जातो. दोन-चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून आतल्या खिशात ठेव. विश्वासातल्या एखाद्याचा नंबर दुसरा संपर्क म्हणून द्यायचा असेल, तर त्याला आधी विचार आणि फोन आला तर काय सांगायचं तेही पढवून ठेव. ‘तो इथे राहत नाही’ एवढं बोलून कुणी फोन ठेवला तर पंचाईत.

पत्त्याची चिंता तू उगाच फार करतोयस. अर्जावर गावाचं नाव, फोन आणि ई-मेल एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. पूर्ण पत्ता लागतो तो रुजू होताना आणि बँकेत. तेव्हा नातेवाईक, मित्र, निवारा किंवा एखादी संस्था यांच्यामार्फत ‘द्वारा’ लिहून पत्ता देता येतो, त्यांची परवानगी घेऊन. कित्येक देशांत पोस्टातही तुझ्या नावाचं पत्र खिडकीवर ठेवून घेण्याची सोय असते, पोस्ट रेस्टंट म्हणतात तिला. ओळखपत्र दाखवायचं, पत्र घ्यायचं. पत्ता न लिहिणं चालतं, खोटा पत्ता चालत नाही. पडताळणीत तो उघडा पडला की तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. बँकेत खातं नसेल तर ते काम आत्ताच काढ. नोकरी मिळाल्यावर धावपळ केलीस तर खात्यापायी पहिला पगार अडकतो.

कागदांचं थोडक्यात सांगते. मूळ प्रती पाण्यापासून वाचतील अशा पाकिटात, अंगावर किंवा खात्रीच्या माणसाकडे. झोपताना उशाखालच्या पिशवीत अजिबात नाही. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करून ठेव.

आता झोप. ही चैन नाही, कामाचाच भाग समज. 1997 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष साधारण 0.05 टक्के मद्य रक्तात असल्यासारखे चालतात. तू रात्रभर सामान सांभाळत अर्धवट डोळा मिटलास, पहाटे उठलास आणि दुपारी चारला मुलाखतीला बसलास, तर समोरच्याला मंद वाटणारच. तो तुझ्या बुद्धीबद्दल मत करून बसतो आणि खरं कारण त्याला कळतही नाही. म्हणून वेळ निवडायला मिळाली तर सकाळची माग. आणि हातात थोडेच पैसे असतील तर मुलाखतीसाठी नवा शर्ट घेऊ नकोस, आदल्या रात्रीच्या खाटेवर घाल. जुना पण धुतलेला शर्ट आम्हाला चालतो. पेंगणारा माणूस चालत नाही.

कपड्यांपेक्षा सामान जास्त बोलतं. पाठीवर भली मोठी सॅक, हातात चादरीची गुंडाळी आणि वर अडकवलेली पाण्याची बाटली घेऊन उमेदवार आत आला की टेबलामागचे आम्ही सगळे आधी त्या सॅककडे बघतो. कुणीतरी हसून विचारतंच, ‘थेट प्रवासातून आलात वाटतं?’ इथून मुलाखत सामानाची होते, तुझी राहत नाही. त्या दिवसापुरतं सामान क्लोकरूममध्ये, निवाऱ्याच्या कपाटात किंवा ओळखीच्याकडे टाक आणि एक फाइल घेऊन जा. बूट आतून ओले असतील तर आदल्या रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंब. शर्ट घडी घालण्यापेक्षा गुंडाळून ठेव, तिथे पोचल्यावरच घाल. जाण्याआधी आंघोळ कुठे करायची हे आदल्या दिवशी जाऊन बघून ये. सार्वजनिक स्नानगृह किती वाजता उघडतं हे मुलाखतीच्या सकाळी कळून उपयोग नाही.

सांगायचं किती, हा तुझा खरा प्रश्न असावा, तू तो विचारला नाहीस तरी. मुलाखतीत आपण बेघर आहोत हे आपणहून सांगायची गरज नाही. विचारलंच तर खोटं न बोलता, ‘सध्या राहण्याची तात्पुरती सोय आहे, कामावर वेळेवर येण्यात अडचण नाही’ एवढं पुरतं. मधल्या महिन्यांत काम का नव्हतं असं विचारलं तर एका वाक्यात सांग. घरची परिस्थिती बिघडली होती, आता मी काम करायला मोकळा आहे, बस. लोक इथे घसरतात ते लांबण लावल्यामुळे. समोरचा गप्प बसला की ती शांतता भरून काढायला माणूस सगळी कहाणी सांगत सुटतो. तू गप्प बस, पुढचा प्रश्न त्यालाच विचारू दे. रुजू झाल्यावर एका माणसाला, बहुधा तुझ्या सुपरवायझरला, सांगावं लागेल, तेही पाळीच्या वेळेचा प्रश्न आला तरच. हातात उपाय घेऊन सांग: ‘मी राहतो तिथलं दार रात्री नऊला बंद होतं, मला सकाळची पाळी मिळाली तर एक दिवस चुकणार नाही.’ अशा बोलण्याला नाही म्हणणं जड जातं.

हा दाराचा मुद्दा पुढच्या गोष्टीला जोडलेला आहे. नोकरी निवडताना तू सध्या फक्त पगाराचा आकडा बघतोयस. तुझ्या जागी मी आधी घड्याळ बघेन, मग पगाराची तारीख, आणि आकडा तिसरा. रात्री अकराला सुटणारी पाळी आणि नऊला बंद होणारा निवारा यांचं गणित जमत नाही, पगार कितीही असो. याउलट पगार थोडा कमी, पण चालत जाण्याच्या अंतरावर, सामान ठेवायला लॉकर, एक वेळचं जेवण, आंघोळीची सोय आणि गणवेश मिळत असेल, तर त्या लॉकरने आणि नळाने तुझे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी सुटतात.

आणि पगाराची तारीख. नोकरी लागली की सुटलो असं सगळ्यांना वाटतं, पण माणसं गळतात ती नोकरी लागल्यानंतरच्या महिन्यात. कामावर रोज जायचं, जाण्यायेण्याला पैसे लागतात, दिवसभर राबल्यावर भूकही जास्त लागते, आणि पैसे मात्र महिनाअखेर. शिवाय पुष्कळ ठिकाणी हजेरीचा हिशोब महिना संपायच्या आधीच बंद करतात. त्या तारखेनंतर रुजू झालास तर उरलेले दिवस पुढच्या महिन्यात जातात आणि हातात पहिला पूर्ण पगार पडायला दीड महिनाही लागतो. इतके दिवस काढायचे कसे, याचं उत्तर नोकरी स्वीकारण्याआधी हवं.

आमच्याकडे एका मुलीने मुलाखत संपताना विचारलं होतं, ‘पगार किती तारखेला होतो, आणि पंधरा तारखेला रुजू झाले तर पहिला कधी मिळेल?’ माझ्या शेजारी बसलेल्यांना ते आगाऊपणाचं वाटलं. मला वाटलं, हिला हिशोब कळतो. तिला घेतलं. पुढे कळलं की ती तेव्हा बहिणीच्या मैत्रिणीकडे जमिनीवर पथारी टाकून दिवस काढत होती. तूही विचार. उचल मिळते का तेही विचार, पण निवड पक्की झाल्यावर आणि तोंडी न ठेवता लिहून घेऊन, किती आणि कोणत्या पगारातून कापणार ते. आठवड्याला पगार देणारं काम मिळत असेल तर पहिल्या नोकरीसाठी मी तेच घ्यायला सांगेन, मग काम थोडं खालचं का असेना.

रोजंदारी पूर्ण सोडूही नकोस आणि तिच्यात अडकूही नकोस. आजचे रोख पैसे उद्याच्या मुलाखतीपेक्षा नेहमीच मोठे दिसतात. आठवड्यातली एक सकाळ फक्त अर्जांसाठी राखून ठेव आणि त्या दिवशी कुणी हाक मारली तरी जाऊ नकोस.

तुझ्यासारख्याला हेरणारी माणसं असतात, त्यांच्याबद्दल मात्र मी कडकपणे सांगणार आहे. नोंदणी फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, गणवेशाचे आगाऊ पैसे, काहीही मागितलं की उठून निघायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 सालच्या 181 क्रमांकाच्या करारातच खासगी रोजगार एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये असं म्हटलंय. सगळे देश तो पाळत नाहीत, पण तुला चांगलं-वाईट ओळखायला तेवढं पुरे. मूळ ओळखपत्र ‘आमच्याकडे सुरक्षित राहील’ म्हणून मागणाऱ्याला झेरॉक्स द्यायची. सक्तीची मजुरी ओळखण्याच्या 11 खुणांची यादी याच संघटनेने केली आहे. कागदपत्रं ताब्यात घेणं, पगार अडकवून ठेवणं आणि कर्जात बांधणं या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

राहण्यासकट नोकरी हाही मोह पडेल. ती वाईटच असते असं नाही, कित्येकांचं त्यात भलं झालंय. पण तिथे नोकरी सुटली की त्याच संध्याकाळी छप्परही सुटतं, आणि हे मालकालाही माहीत असतं. म्हणून अशी जागा घेतलीस तर खोलीपोटी किती कापणार, आणि काम सुटल्यावर किती दिवस राहता येईल, हे कागदावर घे. जेवढे दिवस तिथे राहशील तेवढे पैसे बाजूला टाकत जा. बाहेरच्या खोलीच्या डिपॉझिटइतके जमेपर्यंत तुला तिथून हलता येणार नाही, हे धरून चाल.

पहिला पगार आला की लगेच आख्खी खोली घ्यायला धावू नकोस. चौघांत एक खाट, महिन्याच्या बोलीवर, एवढ्याने सुरुवात कर. उरलेल्यातून पुढच्या महिन्याचं भाडं आधी बाजूला काढ. घरी पैसे पाठवायची घाई होईल, मला ठाऊक आहे. पहिल्या पगारातून नको.

बायोडेटा केला असशील तर त्याचा फोटो काढून पाठव, मोबाइलवर टाइप केलेला असला तरी चालेल. एका पानाच्या वर नको. मुलाखतीची तारीख ठरली की कळव, आदल्या संध्याकाळी फोनवर एक रंगीत तालीम करू. आणि माझा नंबर दुसरा संपर्क म्हणून बिनधास्त दे. काय सांगायचं ते मला पढवावं लागणार नाही.

तुझी,
मावशी