‘इन्जुडिशस’ म्हणजे बेकायदेशीर नव्हे

प्रश्न असा आला आहे: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ऑडिट रिपोर्टमध्ये बाहेरच्या रंगकामाला ‘इन्जुडिशस एक्स्पेंडिचर’ म्हटलं आहे. इतिवृत्तात त्याचं ‘बेकायदेशीर खर्च’ झालं आणि कमिटी दुखावली. हे भाषांतर बरोबर का?

अजिबात नाही. बेकायदेशीर म्हटलं की तो थेट आरोप होतो. घोळ होतो तो ‘ज्युडिशियल’मुळे. ‘ज्युडिशियल’ आणि ‘ज्युडिशस’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी न्यायनिवाडा आणि निर्णयबुद्धी असे दोन्ही अर्थ असलेला एकच लॅटिन शब्द आहे. त्यातला ‘ज्युडिशियल’ कोर्टकचेरीकडे गेला, ‘ज्युडिशस’ मात्र सारासार विचाराकडे. ‘इन्जुडिशस’ हा या दुसऱ्याचा विरुद्धार्थी. उच्चारताना जोर ‘डि’वर.

रंगकामाचंच घ्या. कोटेशनं मागवली, सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतली, बिलं फाइलला आहेत. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टरच्या भेगा बुजवणं बाकी असताना रंग मारला, तर पावसाळ्यात ओल आतून येते, रंगाचे पोपडे निघतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो. अधिकार होता, हेतूही चांगला होता, तारतम्य चुकलं. नेमकं हेच इन्जुडिशस.

‘तारतम्य’ मला इथे सगळ्यात चपखल वाटतो. संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ हे तुलनेचे प्रत्यय (लघुतर, लघुतम) त्यात आहेत. कशाला किती महत्त्व, आधी काय नि मग काय, ही पारख त्यात येते. ‘अविचारी’ही चालेल, पण तो चटकन माणसाला चिकटतो. इंग्रजी शब्द बहुधा कृतीला लागतो: निर्णय, शेरा, खर्च, वापर. कीटकनाशकांच्या ‘इन्जुडिशस’ वापराला ‘बेसुमार’ म्हणतात, तेही अपुरं; त्यात फक्त प्रमाण येतं, चुकीचं औषध किंवा चुकीची वेळ येत नाही. तिथे ‘अविवेकी वापर’ म्हणावं.

जवळचे दोन शब्द: ‘इम्प्रूडंट’मध्ये पुढचा विचार न करण्यावर भर असतो. ‘इल-अ‍ॅडव्हाइज्ड’ म्हणजे शहाणपणाचा नसलेला; त्यात कुणी वाईट सल्ला दिलेला असतोच असं नाही.

इतिवृत्तात असं लिहा: ‘दुरुस्तीपूर्वी रंगकामावर केलेला खर्च तारतम्याला धरून नव्हता, असा शेरा लेखापरीक्षकांनी दिला आहे.’ पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ही दुरुस्ती नोंदवून घ्या.