मीटिंग सुरू होताच ब्लूटूथ हेडफोनचा आवाज का बिघडतो?

हेडफोन ठीक आहे. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटला हेडफोनऐवजी लॅपटॉपचाच माइक निवडा, आवाज पुन्हा स्वच्छ होईल. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये स्टीरिओ आवाज नेणारं एटूडीपी प्रोफाइल (आवाज नेण्याची ठरलेली पद्धत) एकतर्फी चालतं, म्हणजे फक्त लॅपटॉपकडून हेडफोनकडे. हेडफोनचा माइक सुरू झाला, की जोडणी कॉलसाठीच्या दुतर्फी हँड्सफ्री प्रोफाइलवर उतरते. तिथे आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, बहुधा फक्त 8 किंवा 16 किलोहर्ट्झ, म्हणून सगळे जुन्या लँडलाइनवरून बोलल्यासारखे वाटतात. झूम किंवा टीम्सच्या ऑडिओ सेटिंगमध्येही माइक बदला, नाहीतर ॲप हेडफोनचाच माइक धरून बसतं. मात्र डोक्यावर पंखा घरघरत असेल तर लॅपटॉपचा माइक तोही उचलतो. अशा खोलीत सरळ वायरवाला इयरफोन लावलेला बरा.